बाजार सोडू नका, मार्केट ऑर्डर सोडा

प्रश्न: मी शाळेत शिकवते, वय 46. गेली बारा वर्षं दर महिन्याला इंडेक्स फंडात पैसे टाकते आहे, शिवाय सात-आठ कंपन्यांचे शेअर थेट घेतलेले आहेत. मध्यंतरी एका लहान कंपनीचे 400 शेअर घ्यायला गेले. पडद्यावर भाव 212 होता, बटण दाबलं आणि सरासरी 212.86 ला पडले. मग दुसऱ्या एका शेअरला लावलेला स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला उतरला की आपोआप विकणारी ऑर्डर, उडाला. शेअर विकला गेला आणि थोड्याच वेळात भाव होता तिथे परत आला. भाचा म्हणतो, "मावशी, तुझी ऑर्डर पोचायच्या आत मशीनना दिसते. हाय-फ्रिक्वेन्सी ट्रेडिंगवाल्यांनी, म्हणजे पापणी लवायच्या आत संगणकाने सौदे करणाऱ्यांनी, बाजार कधीच खिशात घातलाय, आपण सगळे बकरे." त्याच्या मते रस्ते दोनच: सगळे पैसे काढून घ्यायचे, नाहीतर तो वापरतो तसं अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारं सॉफ्टवेअर, भाड्याने घ्यायचं. मी काय करू?

उत्तर: ताई, दोन्ही नको. पण भाच्याला अगदीच खोटं पाडता येणार नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी तुमच्या त्या 400 शेअरचा हिशेब मांडू, कारण संशयाला सुरुवात तिथूनच झालेली दिसते.

पडद्यावर 212 दिसत होते तेव्हा त्या भावाला विकायला शेअर किती होते, ते पाहिलं होतंत का? बहुतेक ॲपमध्ये भावाखाली 'डेप्थ' उघडते. लहान कंपनीत तिथलं चित्र साधारण असं असतं: 212 ला 60 शेअर, 212.40 ला 150, त्यानंतर थेट 213.50 ला 300. तुम्ही मार्केट ऑर्डर टाकलीत, म्हणजे "मिळेल त्या भावाला 400 द्या" असं सांगितलंत. पहिले 60 एका भावाला मिळाले, पुढचे 150 दुसऱ्या आणि उरलेले 190 तिसऱ्या भावाला. सरासरी काढून बघा, 212.86 येते. हे आकडे मी तुमच्या सरासरीला जुळवून घेतलेत हे उघड आहे, पण खरे आकडे ब्रोकरच्या ट्रेड बुकमध्ये सौद्यागणिक मिळतात. तिथे एकाच ऑर्डरसमोर तीन-चार वेगवेगळे भाव दिसले तर कोडं सुटलं. असं व्हायला तुमची ऑर्डर आधी कुणाला दिसावी लागत नाही. मशीन नव्हती त्या काळातही मार्केट ऑर्डर अशीच महागात पडायची.

यात तुमचे 345 जास्त गेले, म्हणजे 0.4 टक्के. हा आकडा पुढे लागणार आहे.

आता ही मशीन करतात काय? त्यांचा मोठा धंदा म्हणजे एकाच वेळी घ्यायचा आणि विकायचा असे दोन्ही भाव लावून बसणं. शेअर हातात राहतो काही सेकंद, कधी त्याहून कमी, आणि दिवस संपताना हात बहुधा रिकामे. जुन्या गाड्यांचा दलाल डोळ्यांसमोर आणा. तो एका भावाला घेतो, थोड्या चढ्या भावाला विकतो आणि मधल्या फरकावर जगतो. त्याला खरी धास्ती असते ती इंजिनातला दोष माहीत असूनही गाडी गळ्यात मारणाऱ्याची. त्या नुकसानीची भरपाई म्हणून तो सगळ्याच गिऱ्हाइकांकडून थोडा जास्त फरक घेतो. शेअर बाजारात हा 'माहितगार' म्हणजे मोठा फंड, किंवा आपल्याहून वेगवान दुसरं मशीन. तुम्ही आणि मी त्याला अगदी निरुपद्रवी. पुढच्या सेकंदाला भाव कुठे जाणार याची आपल्याला काडीची कल्पना नसते, आणि म्हणूनच आपण त्याचं आवडतं गिऱ्हाईक आहोत.

इतकं आवडतं, की अमेरिकेत अशा कंपन्या किरकोळ गुंतवणूकदारांच्या ऑर्डरी मिळाव्यात म्हणून ब्रोकरला पैसे मोजतात. ऑर्डर एक्स्चेंजवर न जाता त्यांच्याकडे जाते आणि पुष्कळदा एक्स्चेंजपेक्षा किंचित बऱ्या भावाला पुरी होते. ऐकायला छान आहे. मात्र ब्रोकर आपला की पैसे देणाऱ्याचा, हा प्रश्न उरतोच. डिसेंबर 2020 मध्ये रॉबिनहूड या ब्रोकरने अमेरिकी नियामकाशी तडजोड करून साडेसहा कोटी डॉलर भरले. हे पैसे कुठून मिळतात ते ग्राहकांना नीट सांगितलं नाही आणि मिळू शकणारा चांगला भाव दिला नाही, असा ठपका होता. युरोपीय संघाने तर ही पद्धत बंद करण्याचा कायदाच केला. मला विचाराल तर ठीक केलं.

तरीही "पूर्वी बरं होतं" या सुराला मी साथ देणार नाही. मशीनच्या आधी हेच काम माणसं करत होती आणि ती काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. अमेरिकेत 1997 पर्यंत भावाची सर्वांत लहान पायरी डॉलरचा आठवा भाग, म्हणजे साडेबारा सेंट होती. नॅसडॅक या तिथल्या शेअर बाजारातले दलाल त्यातही हात मारत. विल्यम ख्रिस्ती आणि पॉल शुल्ट्झ या दोन प्राध्यापकांनी 1994 मध्ये दाखवून दिलं, की बड्या बड्या शेअरमध्येही दलाल एक-अष्टमांश, तीन-अष्टमांश असे विषम भाव लावतच नाहीत. म्हणजे मधला फरक आपोआप किमान पाव डॉलर. पुढे खटले झाले आणि नियमही बदलले. 2001 मध्ये भाव सेंटमध्ये लागू लागले आणि फरक एकदम आटला. याचं सगळं श्रेय मशीनना देणारे लोक मला पटत नाहीत, कारण नियम आधी बदलले होते. पण त्या एका सेंटच्या फरकावर पोट भरणारा धंदा मशीनमुळेच उभा राहिला, हेही तितकंच खरं.

मग मशीन तुमच्याकडून काहीच नेत नाहीत का? नेतात, आणि किती नेतात हे मोजलं गेलेलं आहे. मात्तेओ अक्विलिना, एरिक बुडिश आणि पीटर ओनील यांनी लंडन स्टॉक एक्स्चेंजचा 2015 मधल्या 43 दिवसांचा तपशील तपासला. त्यात झालेले सौदे तर होतेच, शिवाय उशिरा पोचल्यामुळे फसलेल्या ऑर्डरीही होत्या. एरवी हरलेला कोण ते कुणालाच दिसत नाही, म्हणून एकच भाव आधी गाठायची मशीनमधली शर्यत मोजता येत नाही. त्यांना असं आढळलं, की मोठ्या 100 कंपन्यांच्या प्रत्येक शेअरमध्ये साधारण मिनिटाला एक शर्यत लागते, जिंकणारा आणि हरणारा यांच्यातलं अंतर बहुतेक वेळा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या (मायक्रोसेकंदाच्या) पाच ते दहा पट असतं, आणि एकूण उलाढालीचा पाचवा हिस्सा अशा शर्यतींत होतो. त्यातल्या 80 टक्क्यांहून जास्त शर्यती सहाच कंपन्या मारतात. याची झळ बाकीच्यांना किती? उलाढालीच्या सुमारे 0.005 टक्के. जगभरच्या बाजारांचा अंदाज काढला तर वर्षाला 5 अब्ज डॉलर.

हा दर तुमच्या खरेदीला लावून बघा. 85 हजारांच्या खरेदीवर होतात सव्वाचार. मार्केट ऑर्डरने तुमचे 345 गेले, म्हणजे ऐंशीपट. फंडाचा वार्षिक खर्च एक टक्का असेल तर एक लाखावर 1000 जातात, तेही दर वर्षी. त्याच एका लाखाच्या खरेदीवर मशीनचे 5, तेही एकदाच. म्हणून मशीनला शिव्या घालत महागडा फंड बाळगणारा माणूस भेटला की मला गंमत वाटते. तुमचा फंड इंडेक्स आहे, तेव्हा त्याचा खर्च यापेक्षा बराच कमी असणार, पण एकदा आकडा बघून घ्या.

"ऑर्डर आधी दिसते" या म्हणण्यात तथ्य आहे ते मोठ्या ऑर्डरींबाबत. एखाद्या फंडाला पाच लाख शेअर घ्यायचे असतात. जिथे एकच शेअर डझनभर एक्स्चेंजवर चालतो तिथे ती ऑर्डर तुकड्यातुकड्यांनी जाते. पहिल्या एक्स्चेंजवरचा सौदा मशीनला दिसतो आणि बाकीचे तुकडे पोचायच्या आत दुसरीकडचे भाव वर सरकलेले असतात. यावर उपाय म्हणून आयईएक्स नावाच्या कंपनीने 38 मैल फायबर केबलचं वेटोळं करून ठेवलं. प्रत्येक ऑर्डर त्यातून जाते आणि 350 मायक्रोसेकंद उशिरा पोचते. 2016 मध्ये तिला एक्स्चेंज म्हणून परवानगी मिळाली. त्याच्या सहा वर्षं आधी शिकागो ते न्यू जर्सी अशी 827 मैलांची केबल टाकून झाली होती, जायला-यायला मिळून 13 मिलिसेकंद लागावेत एवढ्यासाठी. अंदाजे खर्च 30 कोटी डॉलर. थोड्याच वर्षांत मायक्रोवेव्हच्या मनोऱ्यांनी तिला मागे टाकलं. कंपनीचं खरं मूल्य ओळखण्यात या केबलचा उपयोग शून्य. ही चढाओढ मला निव्वळ उधळपट्टी वाटते आणि नियामकांनी ती मोडून काढावी असंही वाटतं. सतत सौदे करण्याऐवजी दर सेकंदाला किंवा त्याहून कमी अंतराने छोटे लिलाव घ्यावेत, ही बुडिश यांचीच सूचना आहे आणि ती मला पटते. पण तुमचा फंड बंद करण्याइतकं ते कारण मोठं नाही.

खरी काळजी करण्यासारखी गोष्ट तुमच्या पत्रात दुसऱ्या क्रमांकावर आली आहे: तो उडालेला स्टॉपलॉस.

6 मे 2010 च्या दुपारी अमेरिकेचा बाजार काही मिनिटांत कोसळला आणि तितक्याच झटपट सावरला. डाउ जोन्स निर्देशांक दिवसभरात जवळपास 1000 अंकांनी खाली जाऊन आला. नियामकांचा अहवाल सप्टेंबरमध्ये आला, त्यातला एक तुकडा मला फार बोलका वाटतो. एका मोठ्या गुंतवणूकदाराने 75,000 वायदे (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने घेण्या-देण्याचे करार) विकायला काढले होते, भावाची किंवा वेळेची मर्यादा न घालता. सुरुवातीला मशीननी ते घेतले, मग एकमेकांच्या गळ्यात मारायला सुरुवात केली. 2 वाजून 45 मिनिटं 13 सेकंदांपासून पुढच्या 14 सेकंदांत मशीननी 27,000 हून जास्त वायद्यांची उलाढाल केली आणि त्यातून खरी निव्वळ खरेदी झाली ती जेमतेम 200 वायद्यांची. उलाढाल प्रचंड, घेणारा कोणीच नाही. मग एक्स्चेंजच्या यंत्रणेने आपोआप पाच सेकंद व्यवहार थांबवले. फक्त पाच सेकंद! व्यवहार पुन्हा सुरू झाले आणि भाव सावरायला लागला.

वायदे सावरले तरी शेअरमध्ये गोंधळ चालूच होता. बऱ्याच मशीननी आपले भाव काढून घेतले होते. त्या पोकळीत ॲक्सेंचरचा शेअर एका सेंटला विकला गेला. असल्या भावाला विकणारे कोण? त्यांत मार्केट ऑर्डरवाले होते आणि तुमच्यासारखे स्टॉपलॉस लावून निर्धास्त बसलेलेही होते. 40 ला खरेदी केलेल्या शेअरवर 36 चा स्टॉपलॉस लावला म्हणून तो 36 ला विकला जातो, असं नसतं. भाव 36 ला लागला की साधा स्टॉपलॉस मार्केट ऑर्डर होतो आणि मिळेल त्या भावाला विकतो. त्या दिवशी मिळेल तो भाव एक सेंट होता. नंतर एक्स्चेंजनी सौदे रद्द केले, पण फक्त मूळ भावापासून 60 टक्के किंवा जास्त दूर गेलेले. ज्याचा शेअर अर्ध्या भावात गेला, त्याचा सौदा कायम राहिला.

24 ऑगस्ट 2015 च्या सकाळी पुन्हा तसंच झालं. बाजार उघडताच ईटीएफचे, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांचे, भाव त्यांच्या आतल्या शेअरच्या किमतीपेक्षा कितीतरी खाली गेले आणि एका दिवसात बाराशेहून जास्त वेळा निरनिराळ्या शेअर आणि ईटीएफमधले व्यवहार थांबवावे लागले. त्यानंतर न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने फेब्रुवारी 2016 पासून स्टॉप ऑर्डर घेणंच बंद केलं. ब्रोकर आपापल्या पातळीवर ती सोय देतात, पण जगातल्या सर्वांत मोठ्या एक्स्चेंजने "किरकोळ लोकांना यातला धोका कळत नाही" म्हणून ती दारातून परत पाठवली, हे भाच्याला सांगा.

तुमच्या शेअरमध्ये झालं ते याचंच लहान रूप असावं. कुणी तुमच्या ऑर्डरवर टपून बसलं नव्हतं, पण ठरावीक गोल आकड्यांच्या जरा खाली सगळेच स्टॉपलॉस लावतात. भाव तिथे टेकला की एकाची विक्री दुसऱ्याचा स्टॉपलॉस उडवते. घेणारे त्या क्षणी बाजूला होतात आणि विक्री दमली की परत येतात. नेहमीच्या दिवशी मशीन भाव लावून बसलेली असतात, पण बसलंच पाहिजे असं बंधन बहुतेकांवर नसतं. माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

तेव्हा एक विचारतो. जो शेअर तुम्ही दहा वर्षांसाठी घेतलाय, त्याला स्टॉपलॉस कशासाठी? कंपनी बिघडली तर तुम्ही स्वतः विकाल, भाव तात्पुरता पडला तर तुम्हाला विकायचं नाहीच. आज ॲप उघडून प्रलंबित ऑर्डरींमध्ये जे साधे स्टॉपलॉस पडले असतील ते काढा. एखाद्याला हवाच असेल तर त्याला खालची मर्यादाही घाला, म्हणजे 36 ला जागा हो, पण 35 च्या खाली विकू नकोस. मात्र भाव एकदम 33 ला गेला तर शेअर विकला जाणार नाही आणि तुमच्याकडेच राहील, ही त्याची किंमत. दोन्ही बाजूंनी सुरक्षित अशी ऑर्डर अजून कुणी शोधलेली नाही.

खरेदी-विक्री लिमिट ऑर्डरनेच, म्हणजे भावाची मर्यादा स्वतः घालूनच, करा. 212 ला हवेत ना, मग 212 किंवा फार तर 212.40 लिहा. मिळाले तेवढे घ्या, उरलेले उद्या. बाजार उघडल्यावर पहिला अर्धा तास लहान कंपन्यांच्या वाटेला जाऊ नका, कारण डेप्थ तेव्हा सर्वांत पातळ असते. इंडेक्स फंड आहे तसा चालू ठेवा.

राहिला अल्गोचा प्रश्न. भाड्याने मिळणारं अल्गो हे हाय-फ्रिक्वेन्सी ट्रेडिंग नव्हेच. खऱ्या कंपन्यांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच इमारतीत बसवलेले असतात आणि त्यांचा हिशेब मायक्रोसेकंदांत चालतो. घरच्या इंटरनेटवरून ब्रोकरमार्गे जाणारी ऑर्डर त्यांच्या मानाने जागच्या जागीच असते. व्हर्टू नावाच्या कंपनीने 2014 मध्ये शेअर विक्रीसाठी कागदपत्रं दाखल केली, त्यात 2009 पासूनच्या 1,238 दिवसांपैकी तोट्याचा दिवस एकच दाखवला होता. भाच्याला या मैदानात उतरायचं आहे.

त्याचं दुसरं म्हणणं असेल, की मशीन नसती तर रोज ट्रेडिंग करणारा सामान्य माणूस कमावता झाला असता. त्यालाही उत्तर आहे. तैवानमधल्या इंट्राडे, म्हणजे घेतलेलं त्याच दिवशी विकणाऱ्यांचा 1992 ते 2006 या काळाचा अभ्यास झाला आहे. तेव्हा तिथे सौदे सतत जुळत नसत, थोड्या थोड्या अंतराने होणाऱ्या लिलावांतून जुळत. सतत व्यवहार तिथे 2020 मध्ये आले. म्हणजे वेगाच्या शर्यतीला तिथे फारसा वावच नव्हता. तरीही खर्च वजा जाता भरवशाने कमावू शकणारे एक टक्क्याहूनही कमी निघाले. बाकीच्यांना बुडवायला मशीन लागली नाहीत. दलाली, कर आणि स्वतःचाच उतावीळपणा पुरेसा होता.

भाच्याशी वाद घालू नका. त्याच्याकडून गेल्या पूर्ण वर्षाचा ब्रोकरचा नफा-तोटा पत्रक मागा, दलाली, कर आणि सॉफ्टवेअरचं भाडं वजा केलेला, आणि शेजारी तुमच्या इंडेक्स फंडाचा त्याच वर्षाचा परतावा लिहा. निवडक चांगल्या दिवसांचे स्क्रीनशॉट चालणार नाहीत. तो पत्रक द्यायला तयार झाला तर मलाही पाठवा, पुढच्या सदरात त्यावर लिहायला आवडेल.